मोटारीतील ऊब आणि तिची दुखणी

श्रोतेहो, बडोद्याच्या माणसाने मोटारीतील हीटरविषयी बोलावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणारे हे शहर. येथे मोटार घेणारा गृहस्थ एसी कसा आहे हे दहा वेळा विचारतो. हीटर चालतो की नाही, हे तपासून पाहणारा मला तरी अजून भेटलेला नाही. एसीच्या शेजारी निळ्या व तांबड्या पट्टीचे एक बटण असते. त्यातला तांबडा भाग आपल्या लेखी केवळ शोभेचा. मीही याच मताचा होतो. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात मात्र ते मत मला बदलावे लागले.

आमचे घर हरणीत आहे. बाहेरगावच्या लोकांना हरणी ठाऊक असते ती विमानतळामुळे, आणि जुन्या बडोदेकरांना भीडभंजन मारुतीमुळे. नाताळात आम्ही वसईला, माझ्या आईच्या माहेरी जातो. अंतर सुमारे ३५० किलोमीटर. त्या वर्षी २३ डिसेंबरला पहाटे चार वाजता निघालो. गाडीत पत्नी, दोन मुले, आई आणि मी, अशी पाच माणसे. गोल्डन चौकडीवरून महामार्गाला लागलो तोवर सर्व ठीक होते. करजण मागे पडले आणि शेतांवरचे धुके रस्त्यावर उतरू लागले. थंडी म्हणून खिडक्या बंद. पाहता पाहता समोरची काच आतून पांढरी झाली. पत्नी रुमालाने पुसत होती आणि पुसलेली जागा मिनिटभरात पुन्हा भरून येत होती. पुढच्या मालमोटारीचा मागचा तांबडा दिवा काचेवर पसरून कलिंगडाच्या फोडीएवढा दिसू लागला. ती मालमोटार किती अंतरावर आहे, याचा अंदाज येईना. एसी लावला तर काच निवळे, परंतु मागे बसलेली आई कुडकुडू लागे. तेव्हा मी ते तांबड्या पट्टीचे बटण शेवटपर्यंत फिरवले. इंजिन तासभर चालत होते, तरी वारा आला तो थंडगार. भरूचच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर गाडी घेतली आणि उजाडेपर्यंत तेथेच बसून राहिलो.

काच का धुरकटते, हे मी आठवीच्या वर्गात दरवर्षी शिकवतो. पाच माणसांच्या श्वासातून बाष्प सुटते, ते थंड काचेला लागून थिजते. उपायही तोच धडा सांगतो : काच तापवा, म्हणजे दव धरणार नाही, हवा तापवा, म्हणजे ती अधिक बाष्प पोटात घेईल. हे दोन्ही करण्यासाठीच गाडीत हीटर असतो. अमेरिकेत समोरच्या काचेवरील दव व हिम हटविण्याची सोय प्रत्येक मोटारीत असलीच पाहिजे, असा कायदा आहे. तेव्हा हीटर ही चैन नसून वायपरच्या पंक्तीला बसणारी वस्तू आहे. परंतु माझा मुख्य मुद्दा याहून निराळा आहे. हीटर बिघडला, याचा अर्थ पुष्कळदा इंजिनाचेच काही बिघडले आहे असा असतो. आपण तिकडे पाहात नाही, म्हणून ते दुखणे वाढते.

हे समजण्यासाठी मोटारीत ऊब कोठून येते ते पाहू. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी शक्ती निर्माण होते, तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. पेट्रोलच्या गाडीत पुष्कळदा त्याहूनही कमी. उरलेल्यातली बरीचशी उष्णता धुराच्या नळीवाटे जाते आणि बरीचशी इंजिनाच्या धातूत उतरते. ही दुसरी उष्णता काढून घेतली नाही तर धातू वाकेल. म्हणून इंजिनाच्या पोकळ भिंतींतून एक द्रव सतत फिरवला जातो. त्याला गॅरेजमध्ये कूलंट म्हणतात. एक पंप त्याला ढकलतो, पुढच्या जाळीमागील रेडिएटरमध्ये तो वाऱ्याने निवतो आणि पुन्हा इंजिनात येतो. या वाटेवरून दोन रबरी नळ्या फुटतात व पत्र्याच्या भिंतीतून डॅशबोर्डाच्या मागे जातात. तेथे वहीएवढा एक लहान रेडिएटर बसवलेला असतो. मिस्त्री त्याला हीटरची जाळी किंवा हीटर कोर म्हणतात. तिच्यावरून पंख्याने वारा फुंकला की तो ऊन होऊन आपल्या पायांशी व काचेवर येतो. म्हणजे ही ऊब फुकटची आहे. वाया जाणाऱ्या उष्णतेतून उचललेली.

ही युक्ती फार जुनी नाही. प्रारंभीच्या उघड्या गाड्यांत लोक घोंगडी पांघरून बसत. पुढे धुराच्या नळीभोवती हवा खेळवून ती आत सोडण्याचे प्रकार झाले. नळीला भोक पडले तर उबेबरोबर विषारी वायूही आत येई. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा गाळून, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवून आत घेणारी रचना बाजारात आणली. आज आपल्या गाडीत जे आहे ते मूलतः तेच आहे.

आता या कथेतील सर्वांत लहान आणि सर्वांत गैरसमज झालेले पात्र : थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर बसवलेली ही एक झडप. तिच्या पोटात एका पितळी कुपीत मेण भरलेले असते. मेण वितळताना फुगते आणि दांडी ढकलून झडप उघडते. निवले की स्प्रिंग तिला मिटवते. ही मेणाची झडप १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट याने सिद्ध केली. तिच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तितक्या अंशांना ती उघडू लागते. इंजिन थंड असताना ती मिटलेली असते, म्हणून कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरून लवकर तापतो. इंजिनाला ताप नको हे खरे, पण हुडहुडीही नको, हे ती पाहते.

माझ्या गाडीत ही झडपच नव्हती! आदल्या उन्हाळ्यात गाडी एकदा तापली होती, तेव्हा एका मिस्त्रीकडे नेली होती. त्याने झडप काढून टाकली आणि मला गुजरातीत जे सांगितले त्याचा भावार्थ असा : “साहेब, ही थंड मुलखातली वस्तू. आपल्याकडे हिचे काय काम? आता पाणी मोकळे फिरेल, गाडी कधी तापणार नाही.” त्याचे बोलणे मला पटले, हे मी येथे कबूल करतो. विज्ञानाचा शिक्षक असून पटले. गाडी पुढे तापली नाही हेही खरे. परंतु पेट्रोल जास्त लागू लागले, त्याचे खापर मी पेट्रोलवर फोडले. आणि काटा नेहमी तळाशी राहू लागला, त्याचा मला आनंदच वाटला.

या समजुतीत चूक काय आहे? इंजिन ठराविक उष्णतेवर चालावे अशा बेताने त्याचे भाग घडवलेले असतात. ते थंडच राहिले तर आजच्या गाडीतला संगणक समजतो की इंजिन नुकतेच सुरू झाले आहे, आणि तो जादा इंधन सोडत राहतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून ऑइल पातळ करते. ऑइलात जमलेला ओलावा उडून जात नाही, त्याचा चिखल होतो. एवढेच नव्हे, तर काही इंजिनांत उघडलेली झडप रेडिएटरची वाट मोकळी करताना आतल्या फेऱ्याची वाट बंदही करते. अशा इंजिनातून झडप काढली, तर पुष्कळसा कूलंट रेडिएटरला बगल देऊन आतल्या आत फिरतो आणि गाडी उलट जास्तच तापते. ज्या भीतीने झडप काढली तीच खरी ठरते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत इंजिन अपेक्षेप्रमाणे तापले नाही तर डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागू शकतो. यंत्र लावून पाहिले तर ‘पी ०१२८’ असा अंक दिसतो. त्याचा अर्थ बहुधा एकच असतो : झडप उघडी राहिली आहे, किंवा मुळात नाहीच.

आता हीटर चालेनासा झाला तर तपास कोठून सुरू करावा? वैद्य प्रथम नाडी पाहतो, तसे आपण प्रथम वारा पाहावा. वाराच येत नसेल तर दुखणे विजेचे आहे, इंजिनाचे नव्हे. फ्यूज उडाला असेल, पंख्याची मोटर गेली असेल. पंखा फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुळीच चालत नाही, अशी तक्रार पुष्कळ गाड्यांत आढळते. तेव्हा वेग कमी करणारा रोधक, ज्याला रेझिस्टर म्हणतात, तो जळालेला असतो. तो बदलणे फारसे अवघड नाही. वारा क्षीण येत असेल तर पुढच्या खणामागची गाळणी काढून पाहावी. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी धूळ इतकी असते की वर्षभर न उघडलेल्या गाळणीत पिंपळपानांचा चुरा आणि मातीचा थर निघतो. एवढ्यावर अनेकांचा एसीही सुधारतो.

वारा जोराने येतो पण थंड येतो, असे असेल तर खरा तपास सुरू होतो. त्याला तीन साधने पुरतात : कूलंटची टाकी, डॅशबोर्डावरचा काटा आणि आपला हात.

टाकी प्रथम पाहावी, आणि ती इंजिन पूर्ण थंड असताना. कूलंट खालच्या रेघेच्याही खाली गेला असेल तर हीटर थंड पडण्याचे कारण तेथेच मिळाले. हीटरची जाळी बऱ्याच गाड्यांत उंचावर बसलेली असते. द्रव कमी झाला की तेथे हवा शिरते, आणि पोकळीत ऊब राहात नाही. याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे : गाडी वेगात असता वारा ऊन येतो आणि सिग्नलला थांबताच थंड होतो. पंप जोरात फिरतो तेव्हाच थोडा द्रव वर पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी हीटर दुरुस्त करीत बसू नये. द्रव गेला कोठे, ते शोधावे. नळीच्या टोकाशी वाळलेला पांढरा वा हिरवट डाग, पंपाखाली थेंब, रेडिएटरच्या कडेला ओल, यांपैकी काहीतरी सापडते. काहीच सापडत नाही आणि टाकी मात्र दर आठवड्यास उतरते, धुराच्या नळीतून इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येते, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, अशी लक्षणे असतील तर इंजिनाच्या माथ्याची गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. हे काम मोठे आहे आणि दिवसेंदिवस महाग होत जाते.

येथे एक धोक्याची सूचना. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. ते झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो. म्हणून कुकरात पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहते, आणि रेडिएटरातही तसेच. झाकण उघडताच दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात उकळून वाफेसह तोंडावर उसळते. स्वयंपाकघरात कुकरची शिटी पडल्याशिवाय झाकण न उघडणारा माणूस रस्त्यावर रेडिएटरचे झाकण फडके घेऊन उघडतो, हे पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते.

टाकी भरलेली असेल तर काटा पाहावा. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही काटा तळाशीच असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. काटा मधोमध आहे आणि तरीही वारा थंड आहे, तर बॉनेट उघडून, इंजिन बंद करून, पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणाऱ्या त्या दोन रबरी नळ्यांना जाडसर फडक्यातून स्पर्श करावा. इंजिन बंद असले तरी विजेवरचा पंखा आपोआप फिरू शकतो, हे विसरू नये. दोन्ही नळ्या सारख्याच गरम लागल्या तर ऊब जाळीपर्यंत पोहोचते आहे. ती वाऱ्याला मिळत नाही. डॅशबोर्डाच्या आत थंड व गरम हवेची वाटणी करणारे एक दार असते. त्याची तार निसटली असेल, किंवा ते फिरविणारी चिमुकली मोटर मेली असेल. बटण फिरवताना आत टकटक असा आवाज येत असेल तर हिचाच संशय धरावा. तिचे प्लास्टिकचे दाते तुटलेले असतात. एक नळी गरम आणि दुसरी थंड लागली, तर द्रव जाळीत शिरतो पण पार होत नाही. काही गाड्यांत या वाटेवर एक तोटी असते, ती गंजून बंद झाली असेल. नाहीतर जाळीच तुंबलेली आहे, किंवा आत हवेचा गोळा अडकला आहे. दोन्ही नळ्या थंड असतील आणि काटा मात्र वर असेल, तर द्रव तेथवर पोहोचतच नाही. मग टाकी पुन्हा नीट पाहावी आणि पंपाची चौकशी करावी.

अडकलेली हवा काढण्याची रीत सोपी आहे, पण धीराची आहे. गाडीचे नाक वर होईल अशा चढावर ती उभी करावी. इंजिन थंड असताना झाकण उघडून कूलंट भरावा, हीटरचे बटण पूर्ण तांबड्याकडे ठेवावे आणि इंजिन सुरू करावे. तापू लागताच बुडबुडे येतील व पातळी उतरेल. थोडी थोडी भर घालावी. द्रव उसळू लागण्यापूर्वी झाकण लावून टाकावे, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावे, आणि मग पूर्ण निवल्यावर पुन्हा पातळी पाहावी. काही गाड्यांना हवा सोडण्याचा वेगळा स्क्रू असतो; तो कोठे आहे हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका आपण गाडीच्या खणात प्लास्टिकच्या वेष्टनासह जपून ठेवतो, हा आणखी एक विषय.

तुंबलेल्या जाळीचे मूळ मात्र बहुधा आपल्याच हाती असते. आपल्याकडे रेडिएटरात साधे पाणी घालण्याची सवय सर्वत्र आहे. ते नळाचे असो की बोअरचे, त्यात क्षार असतात, आणि बोअरच्या पाण्यात तर फारच. स्वयंपाकघरातल्या गीझरच्या कांडीवर जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या आत चढतो. लोखंड गंजते, गंजाचा गाळ फिरू लागतो, आणि सर्वांत अरुंद वाट हीटरच्या जाळीची असल्यामुळे तो तेथे बसतो. बरे, हीटर वर्षभर कोणी लावीत नाही. ज्या गाड्यांत तोटी असते तेथे ते पाणी डबक्यासारखे साचून राहते. मग एखादा दिवस रेडिएटर गळू लागतो आणि कोणी त्यात गळती बुजविणारी पूड टाकतो. ती पूड भोक बुजवो न बुजवो, जाळी नक्की बुजवते. उपाय असा की, दोन्ही नळ्या सोडवून जाळीतून बागेच्या नळीने उलट्या दिशेने, मंद दाबाने पाणी सोडावे, स्वच्छ येईपर्यंत. कपडे धुण्याच्या नळाइतका जोर पुरे. गाडी धुण्याच्या पंपाचा जोर दिला तर जाळी फाटते, आणि ती बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत सबंध डॅशबोर्ड खोलावा लागतो. नंतर पुस्तिकेत सांगितलेला कूलंट भरावा. हा द्रव म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल, गंजप्रतिबंधक द्रव्ये आणि शुद्ध पाणी. निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. बडोद्यात गोठण्याचा प्रश्न नाही, हे मान्य. परंतु सुटीत आपण अबूला जातो, मनालीस जातो, हल्ली काश्मीरपर्यंतही स्वतःच्या गाडीने जातात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि एका रात्रीत इंजिनाला तडा देऊ शकते. तयार कूलंट आणताना डब्यावर पाहावे : काहींत पाणी आधीच मिसळलेले असते, काहींत घालावे लागते. आणि उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. हा द्रव गोड लागतो आणि प्राणघातक विष आहे. सांडलेला कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून लगेच धुऊन टाकावा.

जाळी तुंबते तशी गळतेही. शेजारच्या बैठकीखालची सतरंजी ओली झाली की लोक गोंधळतात, कारण आपल्याकडे ओल बहुधा एसीची असते. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी धुळीने बुजते आणि ते आत उतरते. दोन्हींतला फरक बोटांना कळतो. एसीचे पाणी म्हणजे साधे पाणी. ते बिनवासाचे असते आणि पुसले की संपते. जाळीचा द्रव चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचा असतो. हीटर लावताच तोच वास येतो आणि काचेवर जी वाफ धरते ती पुसल्यावर तेलकट ओघळ मागे ठेवते. असे दिसले तर गाडी वापरू नये. तातडीच्या प्रसंगी मिस्त्री दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून जाळीला बगल देतो. इंजिन त्याने सुरक्षित राहते, मात्र नंतर ते काम पुरे करून घ्यावे लागते. आपल्याकडे ‘नंतर’ बहुधा येतच नाही. जुनी गाडी विकत घेताना हीटर लावून पाहावा, असे मी आता सर्वांना सांगतो. पूर्वीच्या मालकाने काय काय काढून टाकले आहे, ते दहा मिनिटांत समजते.

आता उन्हाळ्याची गोष्ट. मे महिन्यात, दुपारी, महामार्गावर काटा एकाएकी वर चढू लागला तर काय करावे? एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण लावावा, पंख्यासह. ऐकायला हे क्रूर वाटते. परंतु हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच आहे. ती इंजिनाची काही उष्णता आपल्याकडे ओढून घेते आणि गाडी सुरक्षित जागी थांबविण्यापुरती सवड मिळते. खिडक्या उघडाव्यात, घाम सोसावा. याच वेळी एक साक्ष मिळते. काटा वर आहे आणि हीटरमधून भट्टीसारखा वारा येतो आहे, तर द्रव फिरतो आहे. काटा वर आहे आणि हीटर मात्र थंड आहे, तर द्रव गेला आहे किंवा पंप थांबला आहे. तेथल्या तेथे इंजिन बंद करावे. आणखी एक किलोमीटर रेटला तर इंजिनाचा माथा वाकतो. काट्यावर सर्वस्वी विसंबूही नये, कारण उष्णता मोजणारी कांडी द्रवात बुडालेली असेल तरच खरे सांगते. द्रव ओसरून ती हवेत उघडी पडली की काटा खाली येतो आणि चालकाला वाटते, संकट टळले.

एक गोष्ट उबेच्या लोभाविषयी. पाण्यावर चालणारा हीटर स्वतः विषारी वायू निर्माण करीत नाही. परंतु इंजिन करते. बंद गॅरेजात, किंवा थांबलेल्या गाडीत काचा लावून, ऊब वा गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपणे हे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; माणसाला आधी डोकेदुखी व गुंगी येते आणि गुंगीत तो काच उघडण्याचेही विसरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात शेकडो मोटारी अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे दगावली; त्यांतील काहींचा मृत्यू या वायूने झाला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले. बर्फाने धुराची नळी बुजली की वायू गाडीखाली साचून आत येतो. हिमप्रदेशात अडकण्याची वेळ आलीच तर ती नळी मोकळी ठेवावी, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी.

विजेच्या गाड्यांत हा सारा प्रपंच नाही. आमच्या जवळच हालोलच्या कारखान्यात अशा गाड्या तयार होतात. त्यांत वाया जाणारी उष्णता फार थोडी, म्हणून ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते, आणि थंडीत एका भरणात कापले जाणारे अंतर घटते. हल्ली काहींत एसीच उलटा चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढण्याची सोय असते. तिचे दुखणे-बाणे हा निराळ्या भाषणाचा विषय.

काच निवळण्याची एक रीत मात्र सर्व गाड्यांना लागू आहे, ती सांगतो. एसी आणि हीटर एकाच वेळी लावावेत. हे विसंगत वाटते, पण एसी हवेतले बाष्प काढून घेतो आणि हीटर ती कोरडी हवा तापवतो. वाऱ्याची दिशा काचेकडे, आणि बाहेरची हवा आत येऊ देणारे बटण चालू. तीच ती हवा फिरवत राहिल्यास पाचही जणांचा श्वास आतच कोंडतो. पावसाळ्यात मात्र पुष्कळदा काच बाहेरून धुरकटते, कारण एसीने ती थंडगार झालेली असते. आतून कितीही पुसले तरी जात नाही. तेव्हा वायपर फिरवावा आणि काचेवरचा गार वारा कमी करावा.

वसईहून परतल्यावर मी नवा थर्मोस्टॅट आणला. बसविण्यापूर्वी तो शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगला, शेजारी तापमापी सोडली आणि खाली दिवा लावला. वर्गातली चाळीस मुले टेबलाभोवती गोळा झाली. ८० अंशांपर्यंत काही होईना. मुले कुजबुजू लागली. ८२ अंशांच्या सुमारास झडपेच्या कडेला केसाएवढी फट दिसली, आणि पाणी उकळू लागले तोवर ती चांगली बोटाच्या पेराएवढी उघडली. दिवा काढल्यावर ती हळूहळू मिटली. घरी हाच प्रयोग जुन्या पातेल्यात करता येतो. झडप थंड पाण्यातही उघडी राहिली, किंवा उकळत्या पाण्यातही मिटलेली राहिली, तर ती टाकून द्यावी. मात्र ते पातेले पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने झडप बसवली. हा मिस्त्री दुसरा. त्याने सगळे पाणी काढले तेव्हा ते चहासारखे तांबूस निघाले. नवा कूलंट भरून, हवा काढून आम्ही दुमाडपर्यंत फेरी मारली. दहाव्या मिनिटाला काटा मधोमध येऊन स्थिर झाला. मी तांबड्या पट्टीचे बटण फिरवले. जानेवारीची रात्र असूनही मिस्त्रीने थोड्याच वेळात काच खाली केली आणि म्हणाला, “बस करा साहेब, गरम होतंय.”